दहाचा वर्ग की एकशे दोन?

"काका, माझी मुलगी नववीत आहे, सेमी इंग्रजीला. गणिताचे सर दर शनिवारी दहा गणितं वर्डमध्ये टाइप करून मागतात. वहीचा फोटो चालत नाही. मी पतसंस्थेत नोकरी करते, मराठी टायपिंग आणि एक्सेल चांगलं येतं. पण वर्गमूळ, घात, कोन, 'म्हणून'चे तीन ठिपके, यातलं काहीच कीबोर्डवर नाही. मग गूगलवर एकेक चिन्ह शोधायचं, कॉपी करायचं, चिकटवायचं. ती सांगते आणि मी टाइप करते. शुक्रवारी रात्रीचे साडेअकरा होतात. एवढं करून सरांच्या मोबाइलवर निम्म्या ठिकाणी नुसते चौकोन दिसतात. आता ती कंटाळून मधल्या पायऱ्याच गाळायला लागली आहे आणि तिथले मार्क जातात. ओळखीच्या दुकानदाराने गणिताचं सॉफ्टवेअर आणि वेगळा कीबोर्ड मिळून साडेचार हजार सांगितले आहेत. घ्यावा का?
– एक आई, संगमनेर"

ताई,

घेऊ नका. ते साडेचार हजार पतसंस्थेतच राहू द्या. तुम्हाला लागणारं सगळं तुमच्या वर्डमध्ये आधीपासून आहे, फक्त त्याचं दार कुठे आहे ते कुणी दाखवलेलं नाही.

दार दाखवण्याआधी माझी एक जुनी फजिती सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म तिच्यात आहे. संगणक यायच्या आधी मी छापखान्यात जुळारी होतो. शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवायच्या, हे काम. कथा-कादंबरी आली की जुळारी खूश आणि गणिताचं गाइड आलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. एक साधा अपूर्णांक जुळवायचा तर वर एक खिळा, खाली एक खिळा, मधे पितळेची पातळ पट्टी आणि सगळं हलू नये म्हणून आजूबाजूला शिशाचे तुकडे. घाताचा आकडा लहान टाइपातला, तो वर उचलून धरायला त्याच्याखालीही एक तुकडा. एकदा असाच खालचा तुकडा निसटला आणि एका गाइडात १०² च्या जागी सरळ १०२ छापलं गेलं. प्रूफ मीच वाचलं होतं. दहाचा वर्ग शंभर, इथे झाले एकशे दोन. पुढच्या सगळ्या पायऱ्या बरोबर, उत्तर बरोबर, फक्त पहिली ओळ चुकलेली. किती पोरांनी त्या रात्री डोकं फोडून घेतलं असेल, देव जाणे.

तेव्हापासून एक कळलं. गणित लिहिताना अडचण चिन्ह मिळण्याची नसते. अडचण असते ती दोन मजली, तीन मजली मजकूर एका ओळीत कसा सांगायचा याची. वही दोन दिशांना पसरते, वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे. कीबोर्ड फक्त डावीकडून उजवीकडे चालतो. म्हणून तुम्ही चिन्हं गोळा करत बसलात तर जन्म जाईल. त्याऐवजी गणित एका ओळीत कसं बोलायचं ते शिका, मजले वर्ड चढवतो.

वर्ड उघडा, ऑल्ट दाबून ठेवा आणि बरोबरचं चिन्ह (=) दाबा. समीकरणाची एक चौकट उघडेल. २००७ पासूनच्या प्रत्येक वर्डमध्ये ही आहे. चौकटीत शिरताना कीबोर्ड इंग्रजीवर आणा (विंडोज बटण आणि स्पेस). हे मुद्दाम सांगतोय, कारण तुम्ही मराठी टायपिंगवाल्या. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू राहिला तर घाताची टोपी (^) टाइप करायला शिफ्ट आणि ६ दाबाल आणि कागदावर 'त्र' उमटेल. मग म्हणाल, काकांनी फसवलं.

आता एक, तिरकी रेघ, दोन असं ओळीत टाइप करा आणि स्पेस द्या. एक वर जाईल, दोन खाली, मधे आडवी रेघ. एक्सचा वर्ग हवा तर एक्स, टोपी (शिफ्ट आणि ६), दोन, स्पेस. दोन वर चढून बसेल. पायाशी आकडा हवा असेल, म्हणजे एक्स एक, एक्स दोन वगैरे, तर टोपीऐवजी खालची रेघ (शिफ्ट आणि वजाचं बटण). वर्गमूळासाठी बॅकस्लॅश, म्हणजे एंटरच्या वर असलेली उलटी तिरकी रेघ, तिच्यापाठोपाठ इंग्रजी एस-क्यू-आर-टी आणि स्पेस. चिन्ह आलं की आकडा लिहा आणि पुन्हा स्पेस. मुळाचं छत आकड्यावर पसरेल.

व्याकरण म्हणाल तर एवढंच. बाकी सगळी शब्दसंपत्ती. बॅकस्लॅश टाकून चिन्हाचं इंग्रजी नाव लिहायचं आणि स्पेस द्यायची. थीटा, पाय, अल्फा यांची नावं जशीच्या तशी चालतात. 'म्हणून'चे तीन ठिपके हवेत तर देअरफोर, 'कारण'चे उलटे ठिपके हवेत तर बिकॉज. कोनाला अँगल, अंशाला डिग्री, गुणिलेला टाइम्स. लहान किंवा बरोबर यासाठी एल-ई, मोठं किंवा बरोबर यासाठी जी-ई, बरोबर नाही यासाठी एन-ई. एकरूपतेला सी-ओ-एन-जी. नववीचा पहिलाच धडा संचांचा, तिथे 'घटक आहे' यासाठी आय-एन, संयोगाला कप आणि छेदाला कॅप. कप म्हणजे वर तोंड असलेली वाटी, कॅप म्हणजे पालथी. ही दोन नावं तुमची मुलगी एकदा ऐकून जन्मभर विसरणार नाही.

ही नावं आली कुठून ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. डोनाल्ड क्नुथ नावाचे अमेरिकेतले संगणकाचे निवृत्त प्राध्यापक आहेत. १९७७ साली त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. शिशाचे खिळे जाऊन फोटोवरची नवी जुळणी आलेली, आणि गणिताची पानं पाहून त्यांचं मन विटलं. दुसरा कुणी प्रकाशकाला चार शब्द सुनावून गप्प बसला असता. यांनी हातातलं लेखन बाजूला ठेवलं आणि गणित जुळवणारी संगणकप्रणालीच लिहायला घेतली, टेक् नावाची. बॅकस्लॅश आणि पुढे चिन्हाचं नाव ही रीत तिथली. वर्डने ती नंतर उचलली. जुळाऱ्याचं दुःख समजून घेणारा गणिती म्हणून मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

पण चिन्हाऐवजी अक्षरं लिहून गणित ओळीत मांडायचं, ही कल्पना आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी. बाराव्या शतकातले भास्कराचार्य, ज्यांच्या नातवाने कोरून घेतलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, ते बीजगणितात अव्यक्त, म्हणजे माहीत नसलेल्या, संख्येला 'या' लिहीत, यावत्तावत् या शब्दाचं पहिलं अक्षर. दुसरी अव्यक्त संख्या आली तर 'का', कालकामधला. वर्गाला 'व', नुसत्या संख्येला 'रू' म्हणजे रूप. आणि करणीला, म्हणजे आजच्या मुळाच्या चिन्हाला, 'क'. मुळाचं आजचं चिन्ह छापून आलं १५२५ मध्ये एका जर्मन पुस्तकात, आणि बरोबरच्या दोन समांतर रेघा १५५७ मध्ये इंग्लंडात. त्याच्या आधी आपले लोक अक्षरांवर काम भागवत होते आणि अवघड अवघड समीकरणं सोडवत होते. तेव्हा शुक्रवारी रात्री चिन्ह सापडत नाही म्हणून मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, तर तिला हे सांगा.

आता कंस. ताई, या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, तेव्हा जरा सावकाश वाचा.

नववीत करणीच्या धड्यात छेदाचं परिमेयीकरण, म्हणजे छेदातलं मूळ घालवणं, येतं. समजा गणित आहे: अंशात एक, छेदात √७ अधिक √३. वहीत मुलगी आडवी रेघ ओढते, खाली दोन्ही पदं लिहिते, शंका राहत नाही. त्या आडव्या रेघेनेच 'हे सगळं छेदात आहे' असं सांगितलेलं असतं. टाइप करताना रेघ तिरकी होते आणि ते सांगणं गळून पडतं. १/√७+√३ असं टाइप केलं तर वर्ड एकाच्या खाली फक्त √७ ठेवतो आणि √३ बाहेर काढतो. किंमत काढून बघा. जे म्हणायचं होतं ते सुमारे ०.२३, जे छापलं गेलं ते सुमारे २.११. माझे एकशे दोन परवडले.

उपाय सोपा आहे. छेद कंसात घाला: १/(√७+√३). कंस पूर्ण केल्यावर स्पेस दिली की वर्ड मजले चढवतो आणि तो कंस आपसूक काढून टाकतो, कारण त्याचं काम आडव्या रेघेने घेतलेलं असतं. मुळाचंही तसंच. मुळाखाली दोन पदं असतील तर ती कंसात लिहा, छत दोन्हींवर पसरेल आणि कंस जाईल. घातात दोन पदं असली तरी हाच नियम.

म्हणूनच 'ती सांगते आणि मी टाइप करते' हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला तक्रार वाटली नाही. सांगू द्या तिला. फक्त कसं सांगायचं ते बदला. 'वन अपॉन रूट सेव्हन प्लस रूट थ्री' असं ती म्हणाली की तुम्ही विचारायचं, 'कशाच्या खाली काय?' तिने म्हणायला हवं, 'एक भागिले, कंस सुरू, मूळ सात अधिक मूळ तीन, कंस पूर्ण.' दोन शुक्रवार हे केलंत की तिसऱ्या शुक्रवारी खुर्चीवर तिला बसवा आणि तुम्ही पोळ्या करायला जा. टाइप तिनेच केलं पाहिजे. गृहपाठ तिचा आहे, आणि खरं सांगायचं तर चौदा वर्षांच्या पोरीची बोटं आपल्यापेक्षा लवकर वळतात.

पायऱ्या गाळण्याचं मला जास्त वाईट वाटलं. चिन्ह शोधून चिकटवायचं असेल तर प्रत्येक पायरी महाग पडते आणि मूल काटकसर करतं. चौकटीच्या रीतीने ते उलटं होतं. एक ओळ लिहून झाली की ती पूर्ण निवडायची, कॉपी करायची, खाली चिकटवायची आणि जे बदललं तेवढंच बदलायचं. हाताने तीच ओळ पुन्हा पुन्हा उतरवण्यापेक्षा हे सोपं आहे. तिला म्हणावं, टाइप करताना वहीपेक्षा एक पायरी जास्तच लिही, फुकट आहे.

पण गणित सोडवायचं वहीतच, पेनाने. बोर्डाचा पेपर हाताने लिहायचा असतो आणि तिथे पायऱ्यांना मार्क असतात. स्क्रीनसमोर बसून गणित सोडवायची सवय लागली तर दहावीत जड जाईल. आधी वहीत सोडवायचं, मग टाइप करायचं, आणि टाइप करताना पहिली ओळ पुस्तकातल्या उदाहरणाशी ताडून बघायची. माझी चूक तिथेच झाली होती.

आता चौकटीबाहेरची चिन्हं. भूमितीच्या सिद्धतेत मजले नसतात, पक्ष, साध्य, सिद्धता अशी सरळ वाक्यं असतात आणि मधे मधे कोनाचं किंवा 'म्हणून'चं चिन्ह. त्यासाठी दर वेळी चौकट उघडायची गरज नाही. वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत २२३४ टाइप करा आणि लगेच ऑल्ट धरून एक्स दाबा. आकडा जाऊन ∴ येईल. २२३५ ला ∵, २२२० ला ∠, २२४५ ला ≅, २२६० ला ≠. समांतरसाठी २२२५. एक पथ्य आहे, आधीच्या आकड्यापासून एक जागा सोडून टाइप करा, नाहीतर वर्ड तोही आकडा गिळतो. हे पाच-सहा आकडे एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा. ज्या लॅपटॉपवर उजवीकडे वेगळे आकडे नाहीत त्यावरही ही युक्ती चालते. लोक सांगतात तो 'ऑल्ट धरून ०१७८' वाला प्रकार मात्र तिथे चालत नाही, त्याला उजवीकडचे आकडेच लागतात.

आकडे नको असतील तर विंडोज १० किंवा ११ वर विंडोज बटण आणि पूर्णविराम दाबा. हसऱ्या चेहऱ्यांची खिडकी उघडेल. तिच्यातच चिन्हांचा एक कप्पा असतो, त्यात गणिताची चिन्हं आहेत, आणि नुकतीच वापरलेली वर राहतात.

आणखी एक सोय म्हणजे वर्डची ऑटोकरेक्ट. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. तिथे डावीकडे तुमची खूण आणि उजवीकडे चिन्ह भरून ठेवलं की खूण टाइप करून स्पेस दिल्याबरोबर चिन्ह उमटतं. फक्त खूण अशी निवडा की जी कुठल्याही शब्दात येत नाही. माझ्या एका मित्राने मोठ्या हौसेने 'मूळ' या शब्दाला √ लावून ठेवलं. चार दिवसांनी त्याने जमिनीच्या कामाचा अर्ज लिहिला आणि तलाठ्याकडे 'जमिनीच्या √ मालकाचं नाव' पोचलं. 'कारण'साठी 'काका' अशी खूण ठेवू नका, मला पत्र लिहिताना पंचाईत होईल.

घरात वर्ड नसेल आणि गूगल डॉक्सवर भागवायचं असेल तर तिथेही इन्सर्टमध्ये इक्वेशन आहे. मुळाची रीत तीच, घाताची टोपीही तीच. अपूर्णांकाला मात्र तिरकी रेघ चालत नाही, तिथे बॅकस्लॅश आणि एफ-आर-ए-सी लिहून स्पेस द्यायची, वरचा आकडा लिहून उजवा बाण दाबायचा आणि खालचा लिहायचा. वर्डची चौकट मला जास्त आवडते.

मोबाइलवर मैत्रिणीला एखादी पायरी विचारायची असेल तर गूगलच्या कीबोर्डवर दोनचं बटण दाबून धरा, ² मिळतो. एकवर दाबून धरलं की ½, ⅓ वगैरे. √ आणि ÷ आकड्यांच्या पुढच्या पानावर. व्हॉट्सअॅपवर गुणिलेसाठी तारा वापरू नका. ताऱ्याच्या आधी जागा सुटली असेल तर तो दोन ताऱ्यांमधला मजकूर ठळक करून तारे खाऊन टाकतो आणि गुणाकार नाहीसा होतो.

इथे दोन प्रकारचे 'दोन' नीट ओळखून ठेवा. वर्डमध्ये साधा दोन लिहून, तो निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की तो वर चढतो. दिसायला वर्ग, पण आतून तो साधाच दोन, नुसता वर उचलून धरलेला. तोच मजकूर कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकला की खालचा तुकडा निसटतो आणि १०² चे पुन्हा १०२ होतात. कीबोर्डवर दाबून धरून मिळणारा ² हा मुळातच वेगळा खिळा आहे. तो कुठेही न्या, खाली पडत नाही.

सरांच्या मोबाइलवर दिसणाऱ्या चौकोनांचं कारण याच जातीचं. ते चिन्ह त्यांच्या फोनवरच्या फॉन्टमध्ये नसतं, म्हणून रिकामी चौकट दिसते. जुन्या सिम्बॉल फॉन्टमधून पाय (π) उचलला असेल तर आणखी मजा, कारण तो आतून इंग्रजी पी असतो. फॉन्ट बदलला की वर्तुळाच्या क्षेत्रफळात पी अवतरतो आणि सर विचारतात, ही कुठली पद्धत? यावर एकच इलाज आहे. वर्डची फाइल पाठवूच नका. सेव्ह अॅजमध्ये जाऊन पीडीएफ करा आणि ती पाठवा. चिन्हांचे आकार पीडीएफमध्येच बांधलेले असतात, मग सरांचा फोन कुठलाही असो. सर वर्डवरच अडून बसले तर दोन्ही पाठवा.

आकृत्या टाइप करत बसू नका. वर्डच्या रेघा आणि त्रिकोण ओढून केलेली आकृती मी आजवर धड पाहिलेली नाही. कोनाचं नाव एकीकडे आणि शिरोबिंदू दुसरीकडे. कंपास आणि पट्टी घेऊन कागदावर काढा, दिवसाच्या उजेडात खिडकीशी फोटो घ्या, कडा कापा आणि पानात घाला. सरांना एवढं विचारून घ्या. 'सिद्धता टाइप करतो, आकृती वहीतली चालेल ना?' असं विचारलं तर कुठलाही गणिताचा मास्तर नाही म्हणेल असं मला वाटत नाही. शिवाय रचनेच्या गणितात कंपासचे चाप दिसलेच पाहिजेत, ते टाइप होणारच कसे? तिला हौस असेल तर जिओजेब्रा नावाचं फुकट साधन आहे, त्यात बिंदू ओढला की त्रिकोण हलतो. पण तो सुट्टीतला खेळ, शुक्रवारी रात्रीचा नव्हे.

या शुक्रवारी दहाच्या दहा गणितांना हात घालू नका. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबून फक्त करणीची दोन गणितं तिच्याकडून करून घ्या, बाकीची तुमच्या जुन्या रीतीने होऊ द्या. पुढच्या आठवड्यात पाच. आणि दुकानदार पुन्हा भेटला तर त्याला विचारा, उजवीकडे आकडे असलेला साधा कीबोर्ड केवढ्याला देतो. तो घ्यायला माझी ना नाही, तुमच्या एक्सेललाही लागेल.